गाडी सुखरूप आहे

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, कारण कंबर धरली आहे. ती का धरली ते ओघाने येईलच.) तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? मामींचे गुडघे काय म्हणतात? दोन गल्ल्या पलीकडे राहून हा पत्र कसलं लिहितो, असं तुम्ही म्हणाल. पण समोर बसून प्रवासाची हकिगत सांगायला लागलो की तुम्ही पहिल्याच वाक्याला "क्लच कसा दाबलास?" असं विचारता आणि हकिगत तिथेच राहते. पत्राला मधे तोडता येत नाही. शिवाय हल्ली तुम्ही दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीतच असता, तेव्हा वाचायला सवडही आहे.

तुम्हाला पहिल्यांदा काय विचारायचं आहे ते मला माहीत आहे, म्हणून उत्तर आधी देऊन टाकतो. गाडी सुखरूप आहे. बुधवारी भंगारवाला ती न्यायला येणार, हे मी विसरलेलो नाही. "शेवटचं एकदा फिरवून आण, मग देऊन टाकू," असं म्हणून तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवलीत तेव्हा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होतात, तेही विसरलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही गाडी भंगारात द्यावी अशी मुळीच नाही, आणि ते मी या पत्रात साधार पटवून देणार आहे. (आमच्या कचेरीत माझ्या टिपणापुढे मोठे साहेबसुद्धा हात टेकतात. वाचून दमतात म्हणून, असं काही मत्सरी लोक म्हणतात.)

आम्ही तिघं होतो. मी, दंतवैद्य आणि कंपास. दंतवैद्य म्हणजे तुमची कवळी बसवणाराच. कंपास हा शाळेत चित्रकला शिकवतो. त्याला दिशांचं ज्ञान फार आहे असं तो स्वतः सांगतो, म्हणून नाव पडलं. निघण्यापूर्वी मी दोघांना तुमचा नियम समजावून सांगितला: गाडीचा सेल्फ लागत नाही, म्हणून इंजिन बंद करायचं ते फक्त उतारावर, आणि गाडीचं तोंड उताराकडे ठेवून. निघताना हँडब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की झाली सुरू. दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, समजलं.

डोंगरात आमचा रुबाब होता. वळणावळणाला उतार. फक्त एक झालं, की निसर्ग आम्हाला उताराप्रमाणे बघावा लागला. एका सपाट वळणावर असा धबधबा होता की बाकीच्या गाड्यांतले लोक रस्त्यात उभे राहून भिजत होते. आम्ही हात हलवून पुढे गेलो. पुढे एक फर्मास उतार लागला, तिथे थांबलो, तर समोर सिमेंटच्या गोदामाची पाठची भिंत. पण थांबलोच आहोत तर बघूया, म्हणून अर्धा तास तीच पाहिली. कंपासने तिचं चित्रही काढलं. चांगलं आलंय.

खरी पंचाईत समुद्राने केली. समुद्रकाठचा रस्ता इतका सपाट असतो याचा विचार मी केला नव्हता. (समुद्रानेही केलेला दिसत नाही.) एका बाजूला निळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि आम्ही मधून नुसते चाललोय. शेवटी कंपास रडकुंडीला आला, म्हणून मी तोडगा काढला: गाडी चालूच ठेवायची, एकाने स्टिअरिंगपाशी बसायचं, दोघांनी पाण्यात पाय बुडवून यायचं, मग पाळी बदलायची. पहिली पाळी दंतवैद्याची. आम्ही दोघं उतरलो, दारं लावली आणि त्याने शांतपणे किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तोंडात जे आलं ते मामींच्या कानावर जाण्यासारखं नाही. बिचाऱ्याचा दोष नव्हता. पेशंट खुर्चीतून उठला की मशीन बंद करायचं, ही इतक्या वर्षांची सवय. आम्ही उठलो आणि त्याचा हात आपोआप गेला. वर म्हणतो कसा, "चूळ भरून घ्या."

मग ढकलणं आलं. दंतवैद्याची बोटं नाजूक, त्यांवर त्याचं पोट, म्हणून तो आत. कंपास बांधावर चढून "डावीकडे घे, आता सरळ" असं सांगत उंटावरून शेळ्या हाकत होता. राहिलो मी. कंबरेचा उल्लेख वर केलाच आहे. पुढच्या वस्तीपाशी रस्ता खाली बंदराकडे उतरत होता. तिथे पोचलो, गाडीने नाक खाली केलं आणि मामा, एका झटक्यात सुरू झाली. काय आवाज होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं घामाचं नव्हतं.

पण आत दंतवैद्य. थांबलो तर गाडी पुन्हा बंद पडेल या धास्तीने तो थांबायलाच तयार होईना. बंदराच्या चौकात मधोमध जहाजाचा एक जुना नांगर मांडून ठेवलाय, त्याभोवती तो गोल गोल फिरत राहिला. जाळी विणत बसलेली माणसं काम सोडून बघायला लागली. पहिल्या फेरीला मी दार उघडून आत उडी घेतली. कंपासला मात्र दर वेळी गाडी नेमकी कुठून येणार याचा अंदाज चुकायचा, त्यामुळे तो बऱ्याच फेऱ्यांनी आत आला, तोही लोकांनी उचलून दिला म्हणून.

रात्री दीपगृहाच्या चढावरच्या एका खाणावळीत उतरलो. सकाळी बॉनेटवर बसून समुद्र पाहिला, पोटभर. तात्पर्य, जी गाडी तिघा गाढवांना एवढं फिरवून एकदाही रुसली नाही, ती भंगार कशी? तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. डावीकडचा आरसा त्या नांगराला लागून निखळला. दंतवैद्य म्हणतो, बसवून देतो. त्याला मी दातांचं सिमेंट आणू नकोस असं बजावलंय.

ता. क. २. गाडी सुखरूप आहे असं मी लिहिलं. इथे आहे असं लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ती त्या खाणावळीच्या अंगणात, उताराकडे तोंड करून उभी आहे. आम्ही बसने आलो. गाडीला काहीही झालेलं नाही. मी मुद्दाम ठेवून आलो. भंगारवाल्याला आजच निरोप दिलाय, की येऊ नकोस. आता काय रागवायचं ते रागवा.

ता. क. ३. फाटकाच्या खांबाला एकदा गाडी घासली म्हणून तुम्ही किल्ली खिळ्याला अडकवलीत, ती अडकवलीतच. त्या खांबाला मी घासलोय, दूधवाला घासलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, नजर स्वच्छ आहे, खुशाल चालवू दे. मामा, तुम्ही त्या खुर्चीत बसून असता ते मला बघवत नाही. शनिवारी सकाळच्या बसने आपण दोघं जाऊ. येताना तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही.

ता. क. ४. मामींवर मात्र रागावू नका. गाडी तिकडेच ठेवून ये, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, तुम्ही किल्ली दिलीत त्याच दिवशी, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. म्हणाल्या, "दारातून गाडी गेली ना, की हे दारापर्यंतसुद्धा उठायचे नाहीत रे." तुमची पिशवी त्यांनी भरून ठेवली आहे.