पांढरे कोंब

बाबा,

नाश्ता झाकून ठेवलाय. आधी खाऊन घ्या, मग हे वाचा.

बांबूचे ते पांढरे कोंब म्हणजे नवी जात वगैरे काही नाही. दोन महिन्यांपूर्वी कुंपणालगतचं गवत मारायला मी औषध फवारलं, ते आईने लावलेल्या बेटावरही उडालं. काल रोपवाटिकेच्या बाईंनी कोंब निरखून मला हळूच विचारलं, "इथे फवारणी झाली होती का?" मी सरळ नाही म्हणाले. तुम्ही शेजारीच उभे होतात. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसत होतात. कुठल्या तोंडाने सांगणार?

आज सकाळी त्यांना फोन करून खरं सांगितलं. म्हणाल्या, "मुळापर्यंत गेलंय, बेट वाचणं कठीण आहे." तरी काही उपाय निघतो का बघायला त्यांच्याकडे चाललेय. खरं तर तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही.

तुम्ही मित्रांना दुपारी कोंब बघायला बोलावलंय, त्यांना येऊ नका म्हणून कळवा. सगळ्यात उंच कोंबाजवळ तुम्ही आईच्या नावाची पाटी रोवलीत. मघाशी ती काढायला गेले होते, पण हात धजावला नाही.

— धाकटी