पहिला कप

पांढुर्णा, ६ जानेवारी २०२५

ती. कमलताईस,
उर्मिलाचा शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता येत नाही, जिच्याबद्दल लिहिते आहे ती रूपाली ऑफिसात समोरच्याच टेबलावर बसते. म्हणून तिकडे निघालेल्या अभिजीतच्या हाती पत्र पाठवते आहे.

आमच्या नव्या साहेबांनी नियम काढला आहे. अकराच्या चहाचा पहिला कप आता साहेबांना नाही. काल ज्याने दुसऱ्याचं काम हलकं केलं, त्याला. कोणाला द्यायचा ते चहा देणारे भिवाजी ठरवतात. दहा दिवसांत सात कप रूपालीला गेले. काउंटरवरच्या सुचिताला दवाखान्यात जायचं होतं तर ही तिच्या खिडकीवर बसली, असलंच काहीतरी. वर्षभराची नोकरी तिची. माझी एकोणीस वर्षं, एकाही फाइलीत चूक नाही, आणि माझा कप सहावा, साय धरलेला. मी भिवाजींना विचारलंच. ते म्हणाले की बाई, तुम्ही तर आपलंच काम करून राहिल्या. मला इतकं लागलं की चहा तसाच ठेवला.

तुझा लोभ तरी पहिल्या कपासारखा दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये.
तुझी उर्मिला

सौंसर, ९ जानेवारी

चि. उर्मिलास अनेक आशीर्वाद.

हसू आलं, मग वाईटही वाटलं. लहानपणी आईनं आधी माझ्या पानात वाढलं की तू ताट सरकवून उठायचीस. शनिवारी जामसांवलीला ये, मारुतीसमोर डोकं टेकून जा. आणि रूपाली इतकीच डोळ्यांत खुपत असेल तर पाठव तिला आमच्या ऑफिसात. इथे कोणी कुणाला बरं केलंस एवढंही म्हणत नाही. संत्री पाठवली आहेत, रूपालीलाही दे.

माया आहे तशीच आहे, हे धरून चाल.
ताई

पांढुर्णा, २० जानेवारी

ती. ताईस सा. न.

तू गमतीने लिहिलंस, मी खरं केलं. रूपालीचा सौंसरच्या बदलीचा अर्ज माझ्याच कपाटात होता. तिची आई तिथे एकटी आणि आजारी असते. अशा फाइलीला दोन महिने लागतात. मी तीन दिवसांत शिफारशीची नोटशीट लिहून साहेबांच्या हाती नेऊन दिली. तिच्या आईचा विचार एकदाही मनात आला नाही, खोटं कशाला लिहू. ती डोळ्यांपुढून जावी एवढंच हवं होतं.

शुक्रवारी ऑर्डर आली. रूपाली सगळ्यांसमोर रडली आणि म्हणाली की उर्मिलाताईंनी केलं ते सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. आज अकराला भिवाजी सरळ माझ्या टेबलाशी आले. पहिला कप, आलं घातलेला. मी तो उचलून रूपालीपुढे ठेवला, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भिवाजी म्हणाले की उद्याचाही बाईंचाच.

ती पुढच्या सोमवारी तुझ्याकडे हजर होईल. तिच्या आईला एकदा भेटून ये, माझं नाव न घेता. आणि तिथेही ती सगळ्यांची लाडकी झाली, तर मला मुळीच कळवू नकोस.

माझ्या लायकीपेक्षा जास्त लोभ करतेस, तो तसाच असू दे.
तुझी उर्मिला