चाफा आत घेतलास का?

१४ नोव्हेंबर

नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हे ठरेना, म्हणून वर नुसता नमस्कार घातला आहे. ताई म्हणावं तर वयाने मी मोठी. नावाने लिहावं तर तेवढी ओळख नाही. तुमचा एक फोटो मिरीच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात असतो. उसवलेला पट्टा शिवताना तो हाती आला. कप्पा होता तसा बंद केला, पण तुमच्या मानेवरचा तीळ कुठे आहे हे आता मला पाठ आहे.

इकडे सगळं ठीक. मिरी उंच झाली, शाळेच्या स्कर्टची दुमड सोडून सोडून संपली. तिच्या वडिलांचं लिफ्टदुरुस्तीचं काम जोरात आहे. जुन्या इमारती आहेत तोवर त्यांना मरण नाही. (इथे मी सवयीने 'हे' लिहिणार होते, पण तुम्हाला लिहिताना कुणाचे 'हे' असा प्रश्न पडतो.) मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात बसून लोकांच्या पँटी लांड्या करते आणि उरलेलं शिवण घरी आणते. लग्नाआधी मिरीचे गणवेशही तिथेच यायचे, म्हणून ती मला अजून 'शिवणमावशी' म्हणते. मी तिला कधी दुसरं काही म्हण असं सांगितलं नाही.

पत्राचं कारण तुमचा चाफा.

तुम्ही माहेरच्या उष्ण गावाहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली काडी म्हणे ती. आता माझ्या खांद्याएवढी आहे. पानं गळली की नुसते खुंट, हरणाची शिंगं मातीत पुरल्यासारखे. फूल एकदाही आलेलं नाही. पण लाड बघावेत. दिवसा ऊन असेल तर गॅलरीत, सूर्य कलला की शिवणाच्या खोलीत. लिफ्टच्या जुन्या चाकांची गाडी करून कुंडी वर ठेवली आहे. हिवाळ्यात पाणी द्यायचं नाही, मुळं कुजतात. खुंटांना हवेचा झोत लागायचा नाही. मला सर्दी झाली होती तेव्हा माझीच शाल त्याच्याभोवती गुंडाळलेली सापडली.

मागच्या आठवड्यात खिडकीपाशी त्याला जागा हवी म्हणून माझं मशीन उठवून स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात लावलं. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा म्हणजे मी डोळे कुठून आणू? मी म्हटलं, झाडाला काय कळतंय उजेडाचं. तर मिरीचे बाबा अगदी शांतपणे म्हणाले, त्यालाच कळतं.

सवत असती तर भांडले असते. या झाडाशी काय भांडू? ना हूं ना चूं.

तेव्हा विनंती अशी की तुमची वस्तू तुम्ही न्यावी. तुम्ही नोकरीला आहात त्या इस्पितळाच्या गावात हिवाळा नसतो असं ऐकते. चाफा तिथे सुखाने राहील. कुणाबरोबर, कसा पाठवायचा ते कळवा, बांधून मी देते. माझं बांधणं पक्कं असतं.

कळावे,
तुमच्या घरात राहणारी

(हे वाचून पाहिलं. 'तुमच्या' खोडणार होते. राहू दे.)


३ फेब्रुवारी

मिरीच्या आईस,

तुमचं कार्ड मिळालं. "झाड आता त्या घराचंच आहे." एवढंच. परिचारिका कमी बोलतात असं नाही, आमच्या इथल्या तर कान किटवतात. तुम्ही मुद्दाम कमी लिहिलंत.

त्यानंतर इथे जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

जानेवारीत मिरीच्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आयुष्यभर लोखंड उचललं आणि वर रोज तो चाफा ढकलला, दुसरं काय होणार. आता बरे आहेत, जड उचलायला मनाई आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. मला वाटलं, विचारतील जेवलीस का, एकटीला जड जातंय का. त्यांनी विचारलं, "चाफा आत घेतलास का?"

मी म्हटलं, घेते. आणि फोन ठेवून शिवत बसले. एका नवरीच्या झग्याची चेन बदलायची होती. ती बदलली, पुन्हा उसवली, पुन्हा बसवली. बाहेर गार पडत होतं ते मला बोळात बसूनही कळत होतं.

मग काहीतरी फुटल्याचा आवाज आला. धावत गेले तर गॅलरीच्या उंबऱ्यात गाडीचं चाक अडकलेलं, कुंडीचे तुकडे, माती सगळीकडे, आणि मधे मिरी. अंगात स्वेटर नाही. चाफ्याचा बुंधा दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि दात वाजत होते. मी तिला उचलायला गेले तर झाड सोडेना. मला फार राग आला. मी म्हटलं, सोड ते लाकूड, तापाने फणफणशील.

तेव्हा ती म्हणाली, "ते मेलं तर आई येणार नाही. फूल आलं की येते म्हणाली होती."

मी तिथेच मातीत बसले.

नंतर कपडे भिजवायच्या बादलीला भोकं पाडली, माती भरली, चाफा त्यात उभा केला. आठवड्याभरात शेंडे काळे पडले, बोटाने दाबले तर पिचपिचीत. रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं, पांढरा चीक दिसेपर्यंत कापत जा, नाहीतर सगळं सडेल. मी कात्री घेतली तेव्हा मिरी दाराआड उभी होती. कापड मी एका दमात कापते. त्या दिवशी बोट-बोट मोजून कापलं. चीक दिसला तेव्हा तिला हाक मारून दाखवला. ती जवळ आली, पण माझ्याकडे नाही, झाडाकडे.

बाबा घरी आल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, हो, तुम्ही निघताना ती पाय धरून रडत होती, तेव्हा दारातच बोलला होतात. या हवेत कुंडीतला चाफा फुलत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"मग एवढं जपता कशाला?" मी विचारलं.

"मेला तर मिरीला काय सांगू?"

"आणि फुलला तर?"

त्यांनी पायाने गाडीचं चाक फिरवून पाहिलं. म्हणाले, "हे अडकतंय, तेल घालतो."

इतके दिवस मला वाटायचं, नवरा तुमचा आहे. मला फक्त त्याचं जेवणखाण. आता कळलं की नवरा माझाच आहे, मुलगी तुमची आहे. यातलं जास्त कुठलं बोचतं हे विचारू नका. दप्तर मी शिवते, वेणी मी घालते, ताप आला की कपाळावर हात माझा. आणि वाट तुमची. तुम्ही काहीच न करता तुम्हाला जे मिळतं ते मला राबूनही मिळत नाही. जळते मी तुमच्यावर. हे लिहून टाकलं तर कमी होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

चाफा खिडकीतच आहे. मशीन परत हलवा असं मी आता म्हणत नाही.

तुम्ही तसं खरंच बोलला होतात का, एवढं कळवा.

मिरीची शिवणमावशी


२० जून

मिरीच्या आईस,

मागच्या पत्राला वर्ष उलटून गेलं. तेव्हा तुम्ही उत्तर दिलंत की ते बोलून गेलात, तिच्या लक्षात राहील असं वाटलं नव्हतं. त्यावर मी मुद्दाम लिहिलं नाही. जे लिहिलं असतं ते पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं.

कापलेल्या जागी मागच्या उन्हाळ्यातच फुटवे आले, एका खुंटाचे तीन झाले. आम्ही तिघं आलटून पालटून ढकलत होतो. हिवाळ्यात पाणी बंद ठेवलं. उन्हाळा लागल्यावर बादलीतून मोठ्या कुंडीत हलवला. मीच खत आणून घालत होते. का, ते विचारू नका. एखाद्या कामाला हात लागला की मला ते वाईट झालेलं बघवत नाही.

सोमवारी मिरी शाळेच्या सहलीला गेली. डोंगरात, शनिवारी परत येईल. मी तिची खोली आवरून चाफ्याची पानं पुसायला घेतली, तर खिडकीच्या काचेकडच्या फांदीवर एक कागदी टोपी. माझ्या बेतायच्या कागदाची, कडा माझ्याच टाचण्यांनी टाचलेल्या. काढून बघते तर खाली कळ्या. घट्ट मुठीसारखा झुपका, टोकांना गुलाबी.

म्हणजे मिरीने केव्हाच पाहिल्या होत्या. पाहून झाकल्या होत्या, आणि फांदी कुणाला दिसू नये म्हणून कुंडी फिरवून ठेवली होती.

आधी वाटलं, उजेडाने करपतील म्हणून झाकल्या असतील. मग गेल्या महिन्यातलं तिचं एक बोलणं आठवलं. बटण लावून घेताना तिने सहज विचारलं होतं, "आई आली की तू कुठे राहायला जाशील?" मी त्या वेळी बटणाकडेच बघत होते. म्हटलं, बघू की तेव्हाचं तेव्हा. केवढी मूर्ख मी. पोरीने ते 'बघू' मनात धरून ठेवलं.

आता खरं सांगते. कात्री माझ्या एप्रनच्या खिशात होती. झुपका खुडायला क्षण पुरला असता, आणि मिरीला सांगता आलं असतं की गळला. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असतं कदाचित. मी कात्री काढली, परत ठेवली. आनंद होण्यासारखी गोष्ट होती, पोरीने माझ्यासाठी कळ्या झाकल्या होत्या. आणि तरी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, तर या कळ्याही तुमच्याच. इतकी मी वाईट आहे.

मिरीचे बाबा संध्याकाळी आले. त्यांना टोपी दाखवली. ते खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मी म्हटलं, मी तिच्या आईला कळवते आहे. ते म्हणाले, "तुला चालेल?" एवढ्या वर्षांत चाफ्याच्या बाबतीत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं.

मी म्हटलं, चालणार नाही. पण कळवते.

तर कळवते आहे. टोपी मी काढून ठेवली आहे आणि कुंडी पुन्हा खोलीकडे फिरवली आहे. शनिवारी मिरी आली की आम्ही दोघी मिळून बघू, आणि तेव्हाच तिला सांगेन की आई आली तर सोडच, तू मला हाकललंस तरी मी कुठे जात नाही. तिची आई येणं आणि मी असणं ही एकाच घरातली दोन कामं आहेत, एक आलं म्हणून दुसरं उठत नाही. हे तिला पटेल तेव्हा पटेल. मलाही अजून पुरतं पटलेलं नाही.

रोपवाटिकेतल्या बाई म्हणतात, जुलैच्या सुरुवातीला उमलेल आणि पुष्कळ दिवस टिकेल. तेवढ्यात रजा मिळण्यासारखी असेल. इस्पितळात अडचण असते हे मला कळतं, पण तुम्ही शब्द दिलात तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिने तो धरून ठेवला. आता "बोलून गेले" चालणार नाही. फोन करायचा तर तिलाच करा, बाबांना नको. येणार असाल तर दिवस सांगा, नसाल तर तेही तुम्हीच तिला सांगा. तेवढं ओझं मी तुमच्या वतीने उचलणार नाही.

आमच्याकडे पाहुण्यांची वेगळी खोली नाही. शिवणाच्या खोलीत गादी घालीन. सकाळी तिथे फार छान ऊन येतं.

तुम्ही यावं असं मला वाटत नाही. या.

दार उघडणारी,
शिवणमावशी