टीव्हीवरून दिलेलं आमंत्रण

८ जानेवारी
टीव्हीवाल्यांचा फोन आला. कन्नड चॅनल आहे, गावोगावच्या जेवणाचा कार्यक्रम करतात. धारवाडात सुभाष रोडमागच्या बोळातली आमची खानावळ दाखवणार म्हणे. वडिलांनी खानावळ काढली तेव्हापासून जगाला अक्कल यायची वाट बघत होतो.
सरस्वतीला सांगितलं. तिनं विचारलं, किती माणसं जेवणार? बायकोला दृष्टी नाही. तिला फक्त पीठ दिसतं.
संकल्प : पोट कमी करणे. शूटिंगपर्यंत.

९ जानेवारी, सकाळ
केलगेरीच्या तळ्यावर फिरायला निघालो. तळ्यापर्यंत पोचलो नाही, वाटेत मिरची भज्यांचा गाडा लागला. उद्यापासून दुसरा रस्ता.
रेश्मा म्हणते, अप्पा, तुम्ही कमी बोला, जेवण दिसू दे. मुलगी कॉलेजात शिकवते, त्यामुळे घरातही वर्ग भरवते. जेवण काय, कुणीही करतं. बोलायला माणूस लागतो.

११ जानेवारी
उद्या शूटिंग. मेंबर लोकांना दुपारी येऊ नका म्हणून सांगितलं. महिन्याचं जेवण लावलेली माणसं ही. चांगली आहेत, पण शर्ट टीव्हीला शोभणारे नाहीत.
दत्तात्रेय मास्तर वडिलांच्या काळापासून खिडकीजवळच्या बाकावर जेवतात. मास्तरीण बाई गेल्यापासून दोन्ही वेळ इथेच. त्यांनी विचारलं, मग मी उद्या कुठं जेवू? म्हटलं, एका वेळेचा प्रश्न आहे, मास्तर. कलेसाठी एवढं करा.
तळ्याला दुसरा रस्ता नाही.

१२ जानेवारी
काय सांगू! भार्गवी नावाची निवेदिका आली होती. ज्वारीची कडक भाकरी आणि भरलं वांगं खाल्लं आणि तिनं डोळेच मिटले. सरस्वतीला विचारलं, मसाल्यात काय घालता? सरस्वती म्हणाली, असतं ते. आणि आत गेली. ही संधीची किंमत!
मग मी ताबा घेतला. भाकरीचा इतिहास सांगितला. शेवटी भार्गवी म्हणाली, प्रेक्षकांना काही सांगा. मी हात जोडले, थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणालो, 'एल्लारू बर्री, ऊटा माडकोंड होग्री!' सगळे या, जेवून जा. इतकं मनापासून म्हणालो की लाइटवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सरस्वती म्हणते, ते फोडणीनं.

१९ जानेवारी
कार्यक्रम लागला. वांगं फारच वेळ दाखवलं. शेवटी मी, हात जोडून. खाली मोठ्या अक्षरांत कन्नडमध्ये पट्टी : 'धारवाडच्या अन्नदात्याचं सगळ्या कर्नाटकाला आमंत्रण'.
अन्नदाता! वडिलांनी हे बघायला हवं होतं.
संकल्प : हुबळीत शाखा. मग बेंगळूर. रेश्माला जागा बघायला सांगितलं. ती म्हणाली, आधी पट्टी नीट वाचा. वाचली की. चार वेळा वाचली.

२० जानेवारी
रांग सुभाष रोडपर्यंत! दावणगेरे, गदग, हावेरी. बेंगळूरहून एक आख्खी जीप. मास्तर नेहमीच्या वेळेला आले, त्यांच्या बाकावर जीप बसलेली. म्हटलं, जरा उशिरा या. उशिरा आले तेव्हा काही उरलं नव्हतं. असू दे रे सदा, म्हणाले. जुनी माणसं समजूतदार.
एक गोष्ट लक्षात आली. जेवून उठलेले सगळे माझ्या पाया पडतात, फोटो काढतात आणि जातात. गल्ल्यापाशी कुणी थांबत नाही. बहुतेक फोनवरून पैसे देत असावेत.
रेश्मानं बघितलं. देत नाहीत.

२१ जानेवारी
दावणगेरेच्या एका सद्गृहस्थाला हळूच सुचवलं. तो दुखावला. म्हणाला, 'नीवा करदीरल्लरी!' तुम्हीच बोलावलंत की!
हद्द झाली. आपल्याकडे ताटावर बसलेला माणूस दारातून जाणाऱ्यालाही 'या जेवायला' म्हणतो. जाणारा 'आगेत्री', झालं आमचं, म्हणतो आणि निघून जातो. दोघांची अब्रू राहते. मी आजवर हजार वेळा बोलावलं असेल, एकही माणूस आलेला नाही. याला म्हणतात संस्कृती! ती टीव्हीवरून पलीकडे पोचत नाही, यात माझा काय दोष?
सरस्वती म्हणाली, मग पैसे मागा. अन्नदात्यानं हात पसरायचा?
उद्या बोर्ड लावतो.

२२ जानेवारी
पेंटरनं विचारलं, बोर्डवर काय लिहू? शब्द सापडले नाहीत. त्याला जेवायला बसवलं. पैसे न देता गेला.

२३ जानेवारी
जालीम उपाय सुचला! दारातच प्रत्येकाला विचारायचं, 'ऊटा आतेन्री?' जेवण झालं का? धारवाडी माणूस उपाशी असला तरी 'आगेत्री' म्हणतो. म्हटला की नमस्कार करून वाटेला लावायचा.
दिवसभर विचारलं. सगळे म्हणाले, नाही झालं, त्यासाठीच तर आलोय. हावेरीचा एकजण म्हणाला, कालपासून पोट रिकामं ठेवलंय.
'झालं' म्हणणारे एकटे निघाले दत्तात्रेय मास्तर. आले, मी विचारलं, आगेत्री म्हणाले, आणि परत गेले. उपाय चालतो हे सिद्ध झालं. लोक चुकीचे आहेत.

२५ जानेवारी
सरस्वतीचं मनगट सुजलं. भाकऱ्या थापणारी शांताक्का लेकीकडे नवलगुंदला गेली, दोन दिवसांसाठी. कुठले दोन ते सांगितलं नाही. मी भाकरी थापून बघितली. एकानं विचारलं, हा नवीन पदार्थ का? हो म्हटलं.
मेंबर सगळे पलीकडच्या बोळातल्या मेसमध्ये गेलेत. मोठं झालेलं लोकांना बघवत नाही.
सरस्वतीनं विचारलं, मास्तर कुठं जेवतात? म्हटलं, जेवून येतात, रोज सांगतात मला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी पोट आत घेतलं.

२६ जानेवारी
सकाळी झेंडावंदनाला मी एकटाच. सरस्वती डबा घेऊन मास्तरांच्या खोलीवर गेली होती. मास्तर आठवडाभर केळी आणि बिस्किटांवर आहेत. मेसमध्ये का गेला नाहीत विचारलं, तर म्हणाले, तुमच्या सासऱ्यांनी वाढलेलं खाल्लंय, दुसरीकडे ताट कसं लावू?
परत आल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. घास गेला नाही. संध्याकाळी गेला.

२७ जानेवारी
सरस्वतीनं दारात खुर्ची टाकली. येणाऱ्या प्रत्येकाला साध्या कन्नडमध्ये सांगायला लागली : जेवण आहे, पैसे पडतात, आधी मेंबर. निम्मी रांग पांगली. निम्मे राहिले, जेवले आणि पैसे देऊन वर आणखी वांगं बांधून घेऊन गेले. कुणी दुखावलं नाही.
हे मी सांगणारच होतो. तिनं घाई केली.

२९ जानेवारी
मेंबर परत आले. शांताक्का पण. मास्तर खिडकीपाशी. मात्र सगळ्यांनी मिळून एक अट घातली : जेवणाच्या वेळी मी दारात उभं राहायचं नाही आणि कुणालाही बोलवायचं नाही. म्हटलं, माझीही एक अट आहे. कुठली ते कुणी विचारलं नाही.
मला नवीन खातं मिळालंय, खरेदी विभाग. सकाळी अमरगोळच्या मार्केट यार्डात जायचं, कांदे-मिरच्या बघायच्या, पंगत उठल्यावर परत यायचं. जबाबदारीचं काम आहे. ऐऱ्यागैऱ्याला जमणार नाही.

९ फेब्रुवारी
मी अमरगोळला असताना टीव्हीवाले परत येऊन गेले! खानावळीचं पुढे काय झालं ते दाखवायला. कुणी मला फोन केला नाही. सरस्वती म्हणते, रेंज नव्हती. यार्डात रेंज असते.

१४ फेब्रुवारी
आज कार्यक्रम लागला. सरस्वती बोलली! वांग्याचा मसाला घडाघडा सांगितला. मला लग्नानंतर इतकी वाक्यं सलग मिळालेली नाहीत. छान दिसत होती.
भार्गवीनं मास्तरांना विचारलं, इथले मालक कोण? मास्तरांनी भाकरी न सोडता डाव्या हातानं सरस्वतीकडे बोट दाखवलं.
मी आहे कार्यक्रमात. अगदी शेवटी, त्यांची गाडी निघताना, बोळातून एक कांद्याचं पोतं येताना दिसतं. पोत्याखालचे पाय माझे. रेश्माला थांबवून दाखवले. तिनं आधी मानलं नाही, मग चपला ओळखल्या.