फक्कीचा ठसा

भामरागड, मंगळवार, संध्याकाळ

शाळेतल्या सगळ्यांचे बदलीचे फॉर्म मीच भरतो, कारण मी चुकत नाही म्हणे! आज माझ्याच खोलीत राहणाऱ्या प्रफुल मास्तरचा घेतला. तो मैदानावर कबड्डीच्या रेषा आखून आलेला, शर्ट बाहेर, अंगठा फक्कीने पांढरा. या दुर्गम भागात तीन वर्षं काढल्यावर कोण थांबतं? मी न विचारताच बदलीला 'होकार' निवडला. त्याने तोच अंगठा माझ्या मोबाईलवर टेकवून 'नकार' केला.

"काऊन?" मी विचारलं.

"मी कुठी जाऊन राह्यलो? तू इथी हायेस नं."

हे त्याने डबा उघडता उघडता सांगितलं! दोन वर्षं मी त्याच्याशी खोलीतल्या पसाऱ्यावरून भांडतोय. आणि मला वाटायचं, जीव फक्त माझाच गुंतलाय.

पण माझा 'होकार' सकाळीच गेलाय. त्याच्यापासून लांब जायचं म्हणूनच भरला होता.

दिवसातून चारदा स्क्रीन पुसणारा मी. तो पांढरा ठसा मात्र अजून पुसलेला नाही. माझा 'होकार' बदलायला उद्या दुपारपर्यंत मुदत आहे. पण फॉर्म उघडायचा तर त्या ठशावरूनच बोट फिरवावं लागेल.

फिरवतो.