कोरा तळहात

इब्रामपूर, मंगळवार, दिवेलागण

आज मोरजीच्या एका दुकानात माझ्या नावाचं पाकीट फोडलं, तर आत परदेशी काजू. पांढरेफटक, सोललेले. आम्ही सालीसकट भाजतो. आमचा काजू चोळला की तळहातावर तांबूस कोंडा उरतो. आज तळहात कोरा.

भाजायचं मी, पाकिटं भरून दुकानांत पोचवायची रघुवीरनं, असं सहा वर्षं चाललंय. लेखी काही नाही. कशाला हवं? सगळे दुकानदार एकमेकांचे सोयरे, आमच्याच संघटनेतले. यांच्या डोळ्यांदेखत लबाडी कोण करील, असं वाटायचं मला. आणि त्याला संघटनेत नेलं कुणी? मीच!

दुकानदार मान खाली घालून म्हणाला, "वयनी, आमकां सगळ्यांक खबर आसा. पाकिटार तुजें नांव, म्हाका दिसलें तूंच दिता."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वाटलं हा माल मीच देते. लबाड मी ठरले, आणि भिडेखातर सगळे गप्प बसले! इथे कुणी कुणाला तोंडावर विचारत नाही, हेच रघुवीरनं हेरलं असेल का? हेच. दुसरं काय?

फोन करून भांडणार नाही. तेवढ्यावर सुटू देणार नाही त्याला. रविवारी संघटनेची बैठक माझ्याच अंगणात आहे. ताटात माझे काजू ठेवीन, शेजारी त्याची बंद पाकिटं. फोडायला त्यालाच लावीन. मग सगळ्यांसमोर म्हणेन, रघुवीर, आता चोळ एक, आणि दाखव तुझा तळहात.