जय, विजय आणि सासूबाईंचा तांब्या

९ एप्रिल
मागं एक बातमी दिली होती, ‘शाळेचे खो-खोचे खांब जीर्ण, खेळाडू जखमी’. आतल्या पानावर, तीन ओळी. आज जाधव बाईंनी मैदानावर गाठलं. पोरींना खो-खो शिकवतात. हेडमास्तरसुद्धा त्यांच्यापुढं पाय जुळवून उभे राहतात.
“भाऊ, छापून आलं, वाचलं. आता खांब कुठायत?”
म्हटलं, वार्ताहराचं काम वार्ता देणं.
“आन् बापाचं?”
जखमी खेळाडू म्हणजे आमची साक्षी. गेल्या साली जुन्या खांबाची टोकदार कूस तळहातात घुसली. हात बरा झाला, पण तेव्हापासून खांब जवळ आला की पाऊल आखडतं. पूर्वी खांब धरून सूर मारायची. आता प्रदक्षिणा घातल्यासारखी वळते. बारावीचं वर्ष. शाळेकडून खेळण्याचं हे शेवटचं.
शिवाय यंदा जिल्ह्याचे सामने आमच्या मैदानावर देऊ म्हणतात, एरवी पोरी एसटीनं धाराशिवला जातात. दिवाळीनंतर पंच मैदान बघून ठरवणार. खो-खोचं मैदान म्हणजे जमीन आणि दोन खांब. जमीन आहे.

१३ एप्रिल, रविवार
नव्या खांबांसाठी मेहबूब मिस्त्री सुतारांबरोबर धाराशिव, लाकडाची वखार. मिस्त्री एक डोळा मिटून, लाकूड बंदुकीसारखं खांद्याशी धरून टोकापर्यंत बघतात. मीही बघितलं. कावळा एकच बुबुळ दोन्हीकडं फिरवतो, असं संस्कृत पाठशाळेत शिकलो होतो. माझे दोन्ही डोळे एकदमच मिटतात.
“पंडतजी, नुस्तं सरळ बघू नका, रेघ बघा. ह्या टोकाची रेघ त्या टोकाला निघाली पायजे. मधीच बाजूनं भाईर पडली की लाकूड वाकणार म्हणून समजा.”
टोकावरची वर्तुळंही दाखवली. गाभा मधोमध आलेलं लाकूड वाळताना तडकतं. गाभा सोडून बाजूचं घ्यायचं.
एक सागवानी नग त्यांनी काढला, एक मी. माझ्याची रेघ शेवटाकडं जरा तिरपी जाते, पण रंग काय, तेज काय!
“दिसायला हिरो हाय,” मिस्त्री म्हणाले. “हिरोचं काय खरं न्हाय.”
हट्टानं तोच घेतला. वैकुंठाच्या दारावरच्या जोडीवरून नावं ठेवली. मिस्त्रींचा जय, माझा विजय.

१६ एप्रिल
विजय आमच्या ओसरीत निजला. शाळेच्या खोलीचा पत्रा तापतो, तिथं नको. खाली तीन आडव्या पट्ट्या, वर लाकूड, त्यावर दगड. वारा चारी बाजूंनी, ऊन एकाही बाजूनं नाही. दोन्ही टोकांना मेण. टोकातून ओल आधी निघून जाते आणि तिथंच भेगा पडतात.
सौ. गच्चीवरून कुरडया घेऊन उतरत होत्या. “माझ्या कुरडयांचं एवढं कधी केलं न्हाई.”
कुरडया उन्हात, खांब सावलीत. ज्याचा त्याचा धर्म.
जय आलाच नाही. मिस्त्रींनी आधी स्वतःच्या दुकानी नेला. “चार लोकं बघतील तर.”

१९ एप्रिल
जय आला. टोकाला भेग. बिनमेणाचा, दुकानापुढं भर उन्हात उभा होता म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा म्हणून.
मी वरवर हळहळलो. आनंद मात्र फार झाला.
मिस्त्री : “ते टोक जमिनीत जाईल की. जमिनीतलं कोण बघतंय?”

११ मे
सासूबाई आल्या. पावसाळाभर मुक्काम.
“जावईबापू, वसरीत ही कोण निजवल्यात?”
म्हटलं, वैकुंठाचे द्वारपाल. मग शाप, राक्षसजन्म, खांब फोडून निघालेला नरसिंह, अशी कथा बरीच लांबवली. आमरस झाला होता.
सासूबाईंनी दोघांनाही हात जोडले.

२२ जून
घात.
मिस्त्री सहज म्हणून आले, विजयच्या खालच्या अंगाला दोरा ताणून धरला. मधोमध करंगळी जाईल एवढी फट. विजयनं पोट वर काढलंय. वरची बाजू ओली, काळपट, वर हळदीकुंकू.
मिस्त्री ओरडले, “ह्येच्यावर पानी कुनी घातलं?”
सासूबाई दारात. “म्या. रोज घालते. तुळशीला घालून तांब्यात उरतंय ते देवाला. मोरीत ओतू व्हय?”
मिस्त्रींचा आवाज एकदम खाली. “बरं केलं अम्मा. पन आता पोट भरलं बघा त्याचं.”
जय आतल्या अंगाला, तिथवर सासूबाईंचा हात पोचत नाही. तो कोरडा.
साक्षी शेजारी उभी होती. उजव्या हाताचा तळवा अंगठ्यानं चोळत होती.

२३ जून
सासूबाईंना सांगायचं कोणी? सौ. म्हणतात, कथा तुम्ही सांगितली. खरं आहे. खांबाला पाणी घालू नये असं एखादं वचन आठवतं का बघितलं. इतकी वर्षं घोकंपट्टी केली, ऐन वेळी एकही कामाचं निघालं नाही.
शेवटी चहाच्या वेळी साक्षीच म्हणाली, “आजी, सामन्यापत्तुर विजयचा उपास हाय. निर्जळी.”
सासूबाई : “मग आधी सांगायचं न्हाई का गं! म्या उगं त्याचा उपास मोडीत बसले.”
आता फक्त कोरडं हळदीकुंकू.

२९ जून
मिस्त्रींनी मधली पट्टी काढली. पोट वरच ठेवून त्यावर जात्याची तळी ठेवली. ओली बाजू फुगली म्हणून पोट आलं. सावकाश वाळली तर बरंचसं उतरेल म्हणतात.
म्हटलं, दुसरा नग आणू या का?
“आता आणलेला कवा वाळायचा? ओला खांब रोवला तर पोरींच्या हातातच वाकंल.”
म्हणजे विजयवरच भिस्त. तिरप्या रेघेबद्दल मिस्त्री एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१७ ऑगस्ट
पावसाळी हवा, काहीच वाळत नाही. माझा सदराही नाही.
साक्षीचा सराव जुन्याच खांबांवर. आज बघायला गेलो. मैदानभर वाऱ्यासारखी, खांबापाशी बैलगाडी. जाधव बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. येताना साक्षी म्हणाली, “पप्पा, धरायला जाते ना, तर हातच म्हागं येतो. म्या न्हाई आणत.”
भजी घेऊन दिली.

२१ सप्टेंबर
दोरा लावला. करंगळीच्या जागी आता आगकाडी जाते. सासूबाईंना दाखवलं.
“उपासानं वाळलाय,” म्हणाल्या.

१२ ऑक्टोबर
दोघे लेथवर गोल होऊन आले. विजयचा बाक त्यात बराचसा निघाला. सगळा नाही. दोरा लावल्यावर कळतो, नुसत्या डोळ्याला नाही. निदान माझ्या नाही.
जवसाचं तेल पाजलं, चारी अंगांनी सारखं. एक बाजू प्यायली आणि दुसरी उपाशी राहिली तर पुन्हा वाकणार. साक्षीनं स्वतः फडकं फिरवलं, वरपासून खालपर्यंत. कुठं कूस आहे का, बोटांनी चाचपत. मी पेपर वाचतोय असं दाखवलं.

८ नोव्हेंबर
खांब रोवले. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर. जयची भेग गाडली गेली. मिस्त्रींनी त्या खड्ड्यात स्वतः माती लोटली, घाईनं.
विजयवरून वाद. मिस्त्रींचं म्हणणं, बाक पंचांच्या खुर्चीकडं करू, समोरून खांब सरळच दिसतो. जाधव बाई : “लपवाछपवी न्हाय. इचारलं तर सांगायचं.”
मिस्त्री : “न इचारता कशापायी सांगायचं?”
दोघं भांडत असताना साक्षीनं, खड्डा बुजवायच्या आधी, विजयला चारी बाजूंनी धरून बघितलं. मग म्हणाली, “असा फिरवा. हितं हात बसतोय.”
तसाच रोवला. पंचांच्या खुर्चीतून बाक स्पष्ट दिसतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
पंच आले. चुना, मैदानाच्या आडव्या पाट्या, आखणी सगळं बघितलं. मग एक डोळा मिटला. जयपाशी थोडा वेळ, विजयपाशी बराच.
“ह्याला काय झालंय?”
जाधव बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. वखार, तिरपी रेघ, कथा, तांब्या, सगळं. बातमी एवढी खरी कधी दिली नव्हती.
“पाणी घातलं कुणी?”
सासूबाई तांब्या घेऊन कडेला उभ्याच होत्या. “म्या. पन आता न्हाई घालत. त्येचा उपास हाय.”
पंचांनी रिकाम्या तांब्यात डोकावून बघितलं. हसू दाबत होते की राग, कळलं नाही. “कळवतो,” म्हणाले आणि गेले.
त्यानंतर पोरींनी खेळ मांडला. पहिल्या खेपेला साक्षी विजयपाशी आली, हात पुढं केला आणि प्रदक्षिणा. दुसऱ्या खेपेला तेच. मी मिस्त्रींकडं बघितलं. ते आभाळाकडं बघत होते. तिसऱ्या खेपेला मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात जाधव बाईंची आरोळी ऐकू आली. वर बघतो तर साक्षी आडवी. एका हातात खांब, दुसरा हात पळणारीच्या टाचेला. पडली. मातीतून उठली.
पळत गेलो. “हात बघू.”
तिनं तळवा उघडला. पिवळाधमक.
“आजीनं सकाळी हळद लावलीया खांबाला,” म्हणाली आणि तो हात माझ्या सदऱ्याला पुसला.
मिस्त्री मागून आले. “पंडतजी, हिरो चालला बरं का. पन पुढच्या उन्हाळ्यात बघा, जरा अजून वाकंल.” बघू म्हटलं.
घरी येताना सासूबाईंनी विचारलं, “मग सोडायचा का आता त्येचा उपास?”
म्हटलं, थांबा. पंचांनी अजून कळवलेलं नाही.